अमेरिकेतल्या यशस्वी कृष्णवर्णीय स्त्रिया इतक्या का थकतात?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ट्रम्प सरकार सत्तेवर आलं आणि पहिल्या दोन दिवसांतच केंद्रीय कार्यालयांमधले विविधता व समावेशनाचे विभाग, म्हणजे डावलल्या गेलेल्या गटांना संधी मिळावी म्हणून काम करणारे विभाग, बंद करण्याचे आदेश निघाले. पाठोपाठ नोकरकपात सुरू झाली. सरकारी नोकरी हा कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी कित्येक दशकं मध्यमवर्गात शिरण्याचा भरवशाचा रस्ता होता. भरतीचे, बढतीचे, पगाराचे नियम तिथे कागदावर लिहिलेले असत, साहेबाच्या मर्जीवर कमी अवलंबून असत. साहजिकच कपातीची झळ त्यांना जास्त लागली आणि वर्षभर त्यांच्या बेरोजगारीच्या बातम्या येत राहिल्या.

अशा बातम्या आल्या की सल्लेही सुरू होतात. दीर्घ श्वास घ्या. स्वतःवर विश्वास ठेवा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी समर्थ आहे' असं म्हणा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या बाईने दोन नोकऱ्या करत वकिलीची पदवी मिळवली, घरातली पहिली पदवीधर झाली, ती समर्थ आहे हे तिला आरशाकडून कळायचं बाकी आहे का? तरीही तिचा रक्तदाब चढलेला असतो, झोप उडालेली असते. हे कसं होतं, यावर अमेरिकेत गेली तीस-चाळीस वर्षं गंभीर संशोधन झालं आहे. ते वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की या स्त्रियांच्या बाबतीत आत्मविश्वासाचं दुखणं फार मोठं करून सांगितलं जातं आणि शरीरावर साचणाऱ्या ओझ्याबद्दल फार कमी बोललं जातं.

ताण शरीरात साचतो म्हणजे नेमकं काय होतं

धोका दिसला की शरीर सज्ज होतं. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं रक्तात सोडली जातात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, साखर स्नायूंकडे धावते, पचन आणि दुरुस्तीची कामं मागे पडतात. कुत्रा मागे लागला तर ही व्यवस्था जीव वाचवते. धोका टळला की काही वेळात सगळं पूर्ववत होतं.

लोडशेडिंग ज्यांनी भोगलं आहे त्यांना हे चटकन कळेल. वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो, दिवे-पंखे चालू राहतात, वीज आली की बॅटरी पुन्हा चार्ज होते. पण वीज रोज दहा-दहा तास जाऊ लागली आणि बॅटरीला पुरती चार्ज व्हायची सवडच मिळाली नाही, तर दोन वर्षांत ती फुगते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घरात उजेडच दिसतो.

शरीराच्या या झिजेला शास्त्रज्ञांनी 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ही कल्पना मांडली. आपण तिला साचलेला ताण म्हणू. ती मोजता येते. रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर, दाह दाखवणारे घटक अशा अनेक चाचण्या एकत्र करून एक गुणांक काढतात. म्हणजे 'मला फार ताण आहे' ही नुसती तक्रार राहत नाही, तिचा हिशेब रक्ताच्या अहवालात सापडतो.

"ताण तर सगळ्यांनाच असतो"

असतोच. पण सगळ्यांच्या अंगावर तो सारखा साचत नाही. आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेला एक कोडं पडलं होतं. गोऱ्या स्त्रियांची बाळं आई विशीच्या मध्यात असताना जास्त सुदृढ जन्मतात. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये उलटं दिसत होतं: अठरा-एकोणिसाव्या वर्षी आई झालेल्यांच्या बाळांपेक्षा पंचविशीतल्या आयांच्या बाळांना धोका जास्त. जणू मधल्या सहा-सात वर्षांत त्यांच्या शरीरातून काहीतरी खर्च होऊन गेलं होतं. १९९२ मध्ये तिने मांडणी केली की सततच्या वंशभेदामुळे आणि अडचणींमुळे या स्त्रियांचं शरीर वयाच्या आधी झिजतं. पुढे २००६ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या आरोग्य पाहणीची आकडेवारी साचलेल्या ताणाच्या मापाने तपासली. सर्वांत जास्त गुणांक कृष्णवर्णीय स्त्रियांचे निघाले, आणि गरिबी बाजूला काढली तरी तफावत उरली.

हा ताण येतो कुठून? नुसता वंशभेद म्हटलं तर अर्धंच उत्तर मिळतं, नुसता स्त्री म्हणून होणारा भेदभाव म्हटलं तरी अर्धंच. जनरल मोटर्सविरुद्धचा १९७६ चा एक निकाल इथे फार बोलका आहे. सेंट लुईसच्या कारखान्यात १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रिया घेतल्याच नव्हत्या. मंदी आली तेव्हा 'शेवटी आला तो आधी जाईल' या नियमाने १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया घरी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं पडलं की कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव दिसत नाही. कृष्णवर्णीय म्हणून दाद मागायची तर वेगळी मागा, पण दोन्ही एकत्र करून नवा वर्ग तयार करता येणार नाही. कंपनीत ज्या स्त्रिया होत्या त्या प्रामुख्याने कार्यालयातल्या गोऱ्या होत्या आणि जे कृष्णवर्णीय होते ते कारखान्यातले पुरुष. या दोन्ही रकान्यांत न बसणाऱ्या बाईचं दुःख कायद्याला दिसलंच नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासिकेने १९८९ मध्ये याच निकालाचा आधार घेऊन 'इंटरसेक्शनॅलिटी' ही संकल्पना मांडली. अन्यायाच्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून धक्का बसतो, एवढाच तिचा अर्थ.

आजच्या कार्यालयात याची रूपं बारीक असतात. बैठकीत ती एकटीच असते, म्हणून तिची चूक सगळ्या समाजाच्या खात्यावर जाते. ठामपणे बोलली की 'रागीट', गप्प बसली की 'नेतृत्वगुण नाहीत'. केस जसे उगवतात तसे ठेवले तर 'नीटनेटकं' दिसत नाही. मग घरी एक भाषा, एक सूर, एक हसू आणि कामावर दुसरं. याला तिथे 'कोड-स्विचिंग' म्हणतात. अपमान रोज होत नसेलही. पण आज होईल का, या विचारानेच शरीर दिवसभर सावध राहतं, आणि इन्व्हर्टर चालू राहतो.

"शिकलं-सवरलं, पैसा आला, की सुटेल की"

आपल्याकडेही हा विश्वास खोलवर रुजलेला आहे आणि बऱ्याच अंशी तो खराही आहे. शिक्षणाने आयुष्य सुधारतं. पण इथे ते ढाल म्हणून अपुरं पडतं.

शॅलन अर्व्हिंग या अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात साथरोगतज्ज्ञ होत्या. आरोग्यातली विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. पीएचडी, चांगली नोकरी, चांगला विमा, सगळं होतं. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना मुलगी झाली. नंतरच्या दिवसांत रक्तदाब वाढला, पाय सुजला, त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत त्यांचा मृत्यू झाला. वय ३६. त्याच वर्षी सप्टेंबरात टेनिसपटू सेरेना विल्यम्सला बाळंतपणानंतर श्वास लागला. तिला रक्ताच्या गुठळ्यांचा जुना त्रास होता, म्हणून तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं औषध मागितलं. तिचं म्हणणं लगेच मानलं गेलं नाही. शेवटी स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगातली एवढी मोठी खेळाडू, स्वतःच्या शरीराची इतकी जाणकार, तिलाही आग्रह धरावा लागला.

२०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या माता १४.५. आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी विश्लेषणात असं दिसलं की पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीचा गर्भारपण-बाळंतपणाशी निगडित मृत्यूचा धोका पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या ५ पटींहून जास्त आहे. शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षाही तो जास्त आहे. हे सगळं साचलेल्या ताणामुळेच होतं असं नाही, रुग्णालयातली वागणूक आणि उपचारांचा दर्जाही त्यात आहे. पण पदवीने हा धोका पुसला जात नाही, एवढं तरी यातून स्पष्ट होतं.

"मग हे जनुकांतच असेल"

याची तपासणी रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या डॉक्टरांनी केली. इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदींवरून त्यांनी १९९७ मध्ये तीन गटांच्या बाळांची वजनं मांडली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांची बाळं सरासरी ३,४४६ ग्रॅम. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३,३३३ ग्रॅम. अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३,०८९ ग्रॅम. दोष जनुकांचा असता तर नुकत्याच आफ्रिकेतून आलेल्या आयांची बाळं सर्वांत हलकी असायला हवी होती. ती गोऱ्यांच्या जवळ निघाली. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की या स्थलांतरित आयांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुली आई झाल्या तेव्हा त्यांची बाळं उलट हलकी होती. युरोपातून आलेल्या गोऱ्या स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीत बाळांची वजनं वाढली, इथे एका पिढीत घसरण झाली.

आत्मविश्वासाचं काय?

१९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी यशस्वी स्त्रियांमधल्या एका भावनेचं वर्णन केलं: मी या जागेला लायक नाही, कधीतरी माझं पितळ उघडं पडेल. पुढे 'इम्पोस्टर सिंड्रोम' या नावाने ते जगभर पसरलं. मिशेल ओबामा यांनीही ही भावना आपल्याला येते असं जाहीरपणे सांगितलं आहे. पण मूळ अभ्यासातल्या दीडशेहून जास्त स्त्रिया प्रामुख्याने गोऱ्या, मध्यम आणि उच्च मध्यमवर्गीय होत्या. ज्या बाईला सुरक्षारक्षक खरोखरच दारात अडवून 'तुम्ही इथे कशा?' असं विचारतो, तिच्या मनातली शंका आतून उगवलेली नसते. ती बाहेरून रोज पेरली जाते. या दोन्हींना एकच औषध देणं चूक आहे असं मला ठामपणे वाटतं.

आकडेही तेच सांगतात. जीन ट्वेन्गी आणि जेनिफर क्रॉकर यांनी २००२ मध्ये शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात कृष्णवर्णीय अमेरिकनांचा स्वाभिमान गोऱ्यांपेक्षा सरासरीने जास्तच आढळला. क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी त्याआधी, १९८९ मध्ये, एक कारणही सुचवलं होतं: भेदभावाला भेदभाव म्हणून ओळखता आलं की माणूस अपयशाचा सगळा दोष स्वतःवर घेत नाही. महत्त्वाकांक्षेतही कमतरता नाही. २०१५ मध्ये 'सेंटर फॉर टॅलेंट इनोव्हेशन'ने नोकरदार स्त्रियांना विचारलं की अधिकाराचं, मानाचं पद हवं आहे का. कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी २२ टक्के हो म्हणाल्या, गोऱ्या स्त्रियांपैकी ८ टक्के.

जो गुण वर नेतो, तोच अंगाला लागतो

माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. कृष्णवर्णीय घरांत मुलींना लहानपणापासून बजावलं जातं: दुप्पट राबशील तेव्हा निम्मं पदरात पडेल. त्यातून जी जिद्द तयार होते तिचा अभ्यास शर्मन जेम्स यांनी केला. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात त्यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचे निवृत्त कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. वाट्याने शेती करणाऱ्या, कर्जात बुडालेल्या कुटुंबातून वर येऊन या माणसाने चाळिशीपर्यंत ७५ एकर स्वतःची जमीन केली होती. आणि पन्नाशीत उच्च रक्तदाब, संधिवात आणि इतका वाईट अल्सर, की ४० टक्के जठर कापून काढावं लागलं. लोककथेत जॉन हेन्री नावाचाच एक बोगदे खोदणारा मजूर आहे. यंत्राशी पैज लावून तो जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच मरतो. जेम्स यांनी या झुंजीला 'जॉन हेन्रीइझम' म्हटलं: साधनं अपुरी असताना निव्वळ कष्टांच्या बळावर संकटाशी झगडत राहणं.

ग्रामीण जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय मुलांवर जीन ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं. अत्यंत खडतर परिस्थितीत वाढूनही जी मुलं अभ्यासात, वागण्यात, मनाने उत्तम निघाली, त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात साचलेला ताण मात्र जास्त होता. शिक्षकांना, आईबापांना ती 'सावरलेली' दिसत होती.

स्त्रियांपुरतं बोलायचं तर शेरिल वुड्स-गिस्कोम्बे या परिचारिका-संशोधिकेने २०१० मध्ये 'सुपरवुमन' साच्याचे पाच पैलू सांगितले: कणखर दिसलंच पाहिजे, भावना दाबल्या पाहिजेत, कुणावर विसंबायचं नाही, साधनं असोत-नसोत यश मिळवायचंच, आणि सगळ्यांना मदत करायचीच. हा साचा गुलामगिरीच्या काळापासूनच्या गरजेतून घडला आहे. त्याने घरं उभी केली आहेत. म्हणून त्याला नुसतं वाईट म्हणणं मला पटत नाही, आणि संशोधनही तसं म्हणत नाही. अमानी ॲलन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या २०८ कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. वंशभेद सोसताना कणखर दिसणं आणि भावना आवरणं यांनी शरीराचं थोडं रक्षणच केलं असं त्यात आढळलं. अंगाला लागले ते दुसरे दोन पैलू: यशाची अनावर ओढ आणि सगळ्यांना मदत करण्याचं बंधन. 'मोकळं व्हा, रडा' एवढाच सल्ला अपुरा का पडतो, हे यावरून कळतं. चारचौघांत आवरून धरणं कधी कधी शहाणपणाचं असतं. खरी काटछाट कामाच्या आणि जबाबदाऱ्यांच्या यादीत करावी लागते.

मग तिने करावं तरी काय?

यादी कापायला सुरुवात करावी. कार्यालयातली विनामोबदल्याची कामं बघा: नव्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना सांभाळणं, समावेशन समितीवर बसणं, प्रत्येक कार्यक्रमात 'प्रतिनिधी' म्हणून फोटोत उभं राहणं. यातलं काय घ्यायचं आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. घरच्या बाजूलाही तेच. पहिली कमावती झाली की भाचीची फी, भावाचं भाडं, चर्चची वर्गणी, सगळ्यांचे हात तिच्याकडे वळतात. महिन्याला एवढंच देईन, असा आकडा आधीच ठरवून टाकला तर प्रत्येक वेळी नव्याने नाही म्हणावं लागत नाही.

थांबणं म्हणजे हरणं असं वाटत असेल तर कृष्णवर्णीय अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, हवेत गिरक्या घेताना आपलं शरीर कुठे आहे याचं भानच तिला राहीना. जिम्नॅस्टसाठी ही मान मोडण्याची वेळ. सांघिक अंतिम फेरीतून ती बाहेर पडली आणि 'देशाला दगा दिला' इथवर टीका झाली. त्याच स्पर्धेत शेवटी तिने बीमवर कांस्य मिळवलं, आणि तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तीन सुवर्णं आणि एक रौप्य.

दुसरी गोष्ट, एकटीने करू नये. केंट स्टेट विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ अँजेला नील-बार्नेट यांनी चिंताविकारासाठी 'सिस्टर सर्कल' ही पद्धत वापरली: मैत्रिणींचा, चर्चमधल्या बायकांचा छोटा गट, ठरलेली वेळ, शिकवलेली तंत्रं. 'गर्लट्रेक' ही संस्था कृष्णवर्णीय स्त्रियांना एकत्र चालायला बाहेर काढते. चालण्याने रक्तदाब उतरतो हे तर आहेच, पण सोबतीला असलेल्या बाईला आपली गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही, हा मोठा विसावा असतो. समुपदेशक हवा असेल तर जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स'मधून आपल्या परिसरातला शोधता येतो.

झोप, नियमित रक्तदाब तपासणी, साखर, हे सांगायला नवीन नाही. तरी एक सांगते: साचलेला ताण मनाला जाणवण्याआधी अनेकदा अहवालात दिसतो. 'मला काही होत नाहीये' या भावनेवर विसंबू नये. आणि डॉक्टरांकडे जाताना लक्षणं लिहून न्यावीत, सोबत कुणाला तरी न्यावं, तपासणी नाकारली तर तसं कागदावर नोंदवायला सांगावं.

आरशासमोरची वाक्यं? म्हणून बरं वाटत असेल तर जरूर म्हणावीत. त्याहून उपयोगी एक वही आहे: मी केलेलं काम, तारीख, मिळालेला निकाल, कुणी काय म्हटलं. शंका पेरली जाते तेव्हा हाताशी पुरावा असतो, आणि वार्षिक मूल्यमापनात तोच कामाला येतो.

"ओझं बाहेरून आलं, तर उतरवायचं काम तिचंच का?"

हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. वर सांगितलेलं सगळं बॅटरी वाचवण्यासाठी आहे, लोडशेडिंग थांबवण्यासाठी नाही. ते काम कायद्यांचं आणि मालकांचं आहे आणि थोडंफार झालेलंही आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने 'क्राउन ॲक्ट' करून नैसर्गिक केस, वेण्या, जटा यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करायला बंदी घातली आणि पुढे अनेक राज्यांनी तसे कायदे केले. बाळंतपणानंतर गरीब मातांचा सरकारी विमा साठच दिवस चाले. २०२२ पासून राज्यांना तो वर्षभर वाढवण्याची मुभा मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली.

बाकीचं कामाच्या जागी व्हायचं आहे, आणि इथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियातल्या बे एरियापर्यंत आपली कितीतरी माणसं अमेरिकन कंपन्यांत व्यवस्थापक आहेत, बढत्या ठरवणाऱ्या खोल्यांत बसतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. त्या भाषेत वाढलेल्या माणसाला तिथल्या कृष्णवर्णीय सहकारी स्त्रीचं ओझं परकं वाटू नये. तिची कल्पना बैठकीत दुसऱ्याच्या नावावर गेली तर तिथल्या तिथे तिचं नाव घ्या. मूल्यमापनात 'रागीट', 'फार आक्रमक' असे शब्द आले तर नेमका प्रसंग विचारा, आणि तोच प्रसंग एखाद्या पुरुषाबद्दल असता तर कोणता शब्द लिहिला असता तेही विचारा. समितीचं काम तिच्याकडे दिलं असेल तर ते बढतीच्या गुणांत धरा, नाहीतर दुसऱ्याला द्या.